अडतीस किलोंची लाडी

निवृत्तीनंतर वेळ कसा घालवावा, याविषयी निरोपसमारंभात सहकाऱ्यांनी मला पुष्कळ सूचना केल्या होत्या. कुत्रे पाळावे, ही त्यांत नव्हती. आमच्या घरात कुत्रे कधी होते, असे कोणाच्याही स्मरणात नाही. दाराशी येणाऱ्या कुत्र्याला भाकरी घालावी, एवढाच काय तो संबंध. अशा घरी गेल्या कार्तिकात माझे मेहुणे जीपमधून ग्रेट डेन जातीची एक मादी घेऊन आले आणि ‘आठ दिवस ठेवून घ्या’ असे म्हणाले. त्यांच्या शेताशेजारच्या बंगल्याचे मालक शहरातील फ्लॅटमध्ये राहावयास गेले होते आणि जाताना तिला राखणदाराच्या हवाली करून गेले होते. राखणदाराला मी दोष देणार नाही. तो आपल्या भाकरीतील अर्धी भाकरी व थोडे ताक तिला नेमाने देत असे. पण या जातीची पूर्ण वाढलेली मादी साधारण ५० ते ६३ किलोंची असते. अर्ध्या भाकरीने तिचे काय होणार?

मालकांनी तिचे नाव ‘लेडी’ ठेवले होते. आमच्या सौ.ने पहिल्याच दिवशी त्याचे ‘लाडी’ केले.

जीपमधून ती उतरली तेव्हा तिच्या बरगड्या फाटकापासून मोजता येत होत्या. पाठीचा कणा करवतीच्या दात्यांसारखा वर आला होता आणि ती फरशीवर बसली की कोपराचे हाड टणकन वाजे. दया आली की माणसाची बुद्धी चालत नाही, याचा अनुभव मी त्याच रात्री घेतला. दूध, साजूक तूप, चार पोळ्या व गूळ एकत्र कुस्करून मोठे पातेले भरून मी तिच्यापुढे ठेवले. दोन मिनिटांत पातेले रिकामे झाले, आणि पुढची सारी रात्र सौ. व मी अंगण धूत होतो.

सकाळी पशुवैद्य डॉक्टरांनी मला चांगलेच सुनावले. बहुतेक मोठ्या कुत्र्यांना दुधातील साखर नीट पचत नाही, हे तर झालेच. पण खरा धोका निराळा होता. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या शरीराला एकाएकी भरपूर अन्न मिळाले, तर रक्तातील फॉस्फरस व पोटॅशियम झपाट्याने पेशींत ओढले जातात आणि हृदय अकस्मात थांबू शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या उपाशी माणसांमध्ये डॉक्टरांनी हेच पाहिले होते. उपासाने जगलेली माणसे जेवणाने गेली. पारणे हलके असावे, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. मला त्या रात्री ते आठवले नाही.

वजन करावयाचे ठरले, तेव्हा दवाखान्यातील काट्यावर तिचे पुढचे दोन पायच मावले. अखेर सांगलीच्या मार्केट यार्डात पुतण्याच्या हळदीच्या वखारीत तिला नेले. पोती मोजण्याच्या काट्यावर ती निमूटपणे उभी राहिली. ३८ किलो. परत येताना तिचे चारही पंजे पिवळे झाले होते. पुढे दर रविवारी सकाळी हा कार्यक्रम चालला आणि हमाल मंडळी ‘लाडीबाई आल्या’ म्हणून काटा झाडून ठेवू लागली.

केवळ किलोंवर विसंबू नये, असे डॉक्टरांनी समजावले. कुत्र्याची अंगकाठी हाताने चाचपून १ ते ९ असे गुण देण्याची पद्धत आहे. ४ किंवा ५ उत्तम. १ म्हणजे केवळ सापळा आणि ९ म्हणजे अतिलठ्ठ. बरगड्या डोळ्यांना ठळक दिसू नयेत, पण तळहात फिरवताच बोटांना सहज लागाव्यात, आणि वरून पाहता कंबर जाणवावी. लाडीला २ गुण मिळाले. तिचा सांगाडा पाहून ५२ किलो हे उद्दिष्ट ठरले.

यानंतरचा हिशेब मात्र माझ्या आवडीचा निघाला. विश्रांतीच्या स्थितीत शरीराला लागणारी ऊर्जा वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. वजन दुप्पट झाले म्हणून गरज दुप्पट होत नाही. मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये दाखवून दिले की ती वजनाच्या पाऊण घाताच्या प्रमाणात वाढते. हे ऐकून घाबरण्याचे कारण नाही. साध्या कॅल्क्युलेटरवर ते जमते. वजनाला वजनाने दोनदा गुणावे, वर्गमुळाची कळ दोनदा दाबावी आणि आलेल्या आकड्याला ७० ने गुणावे. ३८ किलोंना सुमारे १०७० कॅलरी येतात, ५२ किलोंना १३५५. ही झाली पडून राहण्यापुरती गरज. हिंडण्याफिरण्यासाठी व वजन वाढण्यासाठी याच्या दीडपट-पावणेदोनपट लागते आणि ग्रेट डेन तर या बाबतीत इतर कुत्र्यांहून खर्चिकच. डॉक्टरांनी २४०० चा आकडा लिहून दिला, पण तो सहाव्या आठवड्यासाठी. पहिल्या दिवसाचा आकडा होता ५३५, म्हणजे विश्रांतीच्या गरजेच्या निम्मा! कोरडे खाद्य दीडशे ग्रॅम, तेही चार वेळांत विभागून. एवढ्या अवाढव्य जनावरासमोर मूठभर दाणे ठेवताना सौ.च्या डोळ्यांत पाणी आले. आठवड्याने पूर्ण १०७०, चौथ्या आठवड्यात १९००, असे आम्ही पायरी पायरीने चढलो.

आता अवघड भागाकडे वळतो. लवकर वजन वाढवण्यासाठी डॉक्टरांनी सहज सांगून टाकले होते, ‘रोज सहा उकडलेली अंडी द्या.’ सौ. काही बोलली नाही, मीही बोललो नाही. डॉक्टर आमच्याकडे पाहून समजले. मग त्यांनी स्पष्टपणे जे सांगितले, ते मी वाचकांपासून लपवून ठेवणार नाही. मांजराला शाकाहारावर ठेवणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे. त्याचे शरीरच तसे घडलेले आहे. कुत्र्याचे तसे नाही. माणसाच्या सहवासात त्याला पिठूळ अन्न पचवण्याची शक्ती आली आहे. तथापि घरची खिचडी आणि पनीर एवढ्यावर कुत्रे निरोगी राहील, हा भ्रम आहे. त्यात कॅल्शियम-फॉस्फरसचे प्रमाण जुळत नाही. ड आणि ब-१२ जीवनसत्त्व, जस्त, टॉरिन यांची उणीव राहते. ग्रेट डेन जातीत हृदयाचे स्नायू सैल पडून हृदय फुगण्याचा विकार आधीच अधिक; तिथे टॉरिनच्या बाबतीत ढिलाई चालत नाही. म्हणून शाकाहारीच द्यावयाचे, तर कुत्र्यांसाठी तयार केलेले आणि वेष्टनावर ‘संपूर्ण व संतुलित आहार’ असे लिहिलेले शाकाहारी खाद्य हाच पाया असावा. घरचे वरचे खाणे एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये. म्हणजे २४०० पैकी २४०. ऐंशी ग्रॅम पनीरमध्येच ती मर्यादा संपते.

याला डॉक्टरांनी एक अट जोडली. ‘दोन महिने देतो. वजन वाढत राहिले नाही, तर तुमचे नियम आणि तिचा जीव यांतून एक निवडावे लागेल.’ मी होकार दिला. कर्जदाराने अटी न वाचता सही करावी, तसाच तो होकार होता.

आमच्या स्वयंपाकघराचा लाडीला एक लाभही झाला. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. कच्चे असोत की शिजवलेले. आमच्या घरात ते मुळातच नाहीत. पण दुसरे संकट आमच्याच भागाचे होते. सांगली-तासगावकडे पाहुण्यापुढे बेदाणे ठेवतात, आणि शेजारच्या वहिनी मायेने मूठभर बेदाणे लाडीसाठी घेऊन आल्या. द्राक्षे, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते, आणि किती खाल्ल्यावर, हे आधी सांगता येत नाही. वहिनींचा हात मी अक्षरशः धरला. त्या आठवडाभर रागावल्या होत्या.

वेळांचाही प्रश्न होता. आम्ही सूर्यास्तापूर्वी जेवतो. लाडीची चारही जेवणे मी त्या आतच बसवली आणि मनात समाधान मानले. पण पहाटे ती पिवळे पित्त ओकू लागली. पोट फार काळ रिकामे राहिल्याने असे होते, रात्री उशिरा थोडेसे द्या, असे डॉक्टर म्हणाले. माझी चलबिचल पाहून सौ. म्हणाली, ‘नियम आपण घेतलाय, तिने नाही.’ त्या दिवसापासून रात्री दहा वाजता मूठभर खाद्य सौ.च घालते. पहाटेचे ओकणे थांबले.

एकाच वेळी भरपूर घालावयाचे नाही, यामागे आणखी मोठे कारण आहे, आणि मोठ्या जातीचे कुत्रे बाळगणाऱ्या प्रत्येकाने ते जाणून घ्यावे. खोल छातीच्या या कुत्र्यांत जठर वायूने फुगून स्वतःभोवती पिळले जाते. ग्रेट डेन या बाबतीत सर्वांत पुढे. पोट ढोलासारखे ताठ होते, ओकारीचे उमाळे येतात पण बाहेर काही पडत नाही, लाळ गळते, जनावर एका जागी थांबत नाही. तेव्हा घरगुती उपायांत वेळ घालवू नये. काही तासांत शस्त्रक्रिया झाली तरच ते वाचते. दिवसातून एकदाच पोटभर खाणे आणि अधाशीपणे खाणे यांनी धोका वाढतो. उपाशी राहिलेले कुत्रे तर अधाशी असणारच. म्हणून एका पसरट परातीत मधोमध स्वच्छ धुतलेला मोठा वरवंटा ठेवून त्याभोवती आम्ही खाद्य पसरत असू. दगड चुकवीत खाताना तिचा वेग आपोआप मंदावे. जेवणाआधी व नंतर तासभर धावपळ बंद. उंच कुत्र्याला भांडे उंचावर द्यावे, असा समज आहे. मीही सुताराकडून चौरंग करून घेतला होता. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० मधील अभ्यासात उंचावरील भांड्याने धोका वाढलेला आढळला, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर चौरंग तुळशीपाशी गेला.

सहाव्या रविवारी काटा ४१ किलो २०० ग्रॅम दाखवीत होता. सातव्या रविवारीही तितकाच. आठव्या रविवारी ४० किलो ३००. खाद्यात एका ग्रॅमचीही कपात नव्हती. वहीत प्रत्येक वेळेची नोंद होती. दोन महिने पूर्ण झाले होते.

वखारीतून परतताना आम्ही दोघेही गप्प होतो. घरी आल्यावर सौ.ने पाणी घेतले आणि म्हणाली, ‘डॉक्टर सांगतील ते करू. परसात वेगळी चूल मांडून देते, भांडी वेगळी. माळ्याला उकडायला सांगू.’ एवढे बोलून ती देवघरात गेली. लग्नाला चाळीस वर्षे झाली. या वाक्यासाठी तिने काय मोजले, ते मला ठाऊक आहे.

डॉक्टरांनी आधी वही मागितली. दोन्ही रकाने पाहून ते म्हणाले, ‘जमा होतेय, पण शिल्लक दिसत नाही. गळती कुठेतरी आहे.’ त्यांनी लाडीचा ओठ वर केला. हिरड्या फिकट होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी जंतांसाठी विष्ठेची तपासणी केली होती आणि गोचीडतापासाठी रक्त तपासू या, असेही सुचवले होते. अंगावर एकही गोचीड दिसत नाही, मग खर्च कशाला, असे म्हणून ती तपासणी मी टाळली होती. कागदपत्रे अपुरी असताना कर्ज मंजूर करू नये, हे आयुष्यभर कनिष्ठांना शिकवलेल्या माणसाने हे केले! गोचीडतापाचे जंतू शरीरात महिनोन्‌महिने दबून राहू शकतात. तपासणीत तोच निघाला. रक्तातील प्लेटलेट्स निम्म्याहून खाली आल्या होत्या. अठ्ठावीस दिवस गोळ्या चालल्या. त्या जेवणाबरोबर द्यावयाच्या, पण दुधाच्या पदार्थाबरोबर नाही, म्हणून पनीरची वेळ बदलली. खाद्य तेच ठेवावे, असे डॉक्टर म्हणाले. परसात चूल मांडावी लागली नाही. पण आहार अपुरा ठरला असता, तर ती मांडली गेली असती.

बाराव्या रविवारी ४२ किलो ५००. नंतर काटा आठवड्याला चारशे-पाचशे ग्रॅम पुढे सरकत राहिला. याहून घाई करू नये. घाईने चढते ती चरबी. स्नायू भरण्यासाठी अन्नाबरोबर चालणेही लागते. उन्हाळ्यात तिची भूक मंदावली, तेव्हा पहाटे पाच व रात्री दहा अशा वेळा वाढवून निभावले. कणा हळूहळू बुजला, कोपरावरचे घट्टे मऊ झाले.

येथे एक इशारा देतो. लाडीची बातमी पसरल्यावर एका परिचितांनी ग्रेट डेनचे पाच महिन्यांचे पिल्लू आणले आणि ‘यालाही तुमच्यासारखे जाड करा’ म्हणाले. ते पिल्लू काटकुळे नव्हते, फक्त उंच होते. या जातीची वाढ दीड-दोन वर्षे चालते आणि त्या काळात पिल्लू सडपातळ असणेच योग्य. त्याला ठासून खाऊ घातले किंवा वरून कॅल्शियमची पूड दिली, तर हाडे वेडीवाकडी होतात व सांधे कायमचे बिघडतात. परिचितांच्या घरात त्या पुडीचे तीन डबे निघाले.

जाता जाता, ग्रेट डेन म्हणजे ‘थोर डॅनिश’ असे नाव असले, तरी ही जात जर्मनीची. डेन्मार्कशी तिचा संबंध नाही. आता ती सांगलीची आहे. मेहुण्यांचे आठ दिवस अजून संपलेले नाहीत.

आषाढातील शेवटच्या रविवारी काटा ५२ किलो ४०० ग्रॅमवर थांबला. बरगड्या आता हाताला लागतात, डोळ्यांना दिसत नाहीत. डॉक्टरांनी ५ गुण दिले आणि खाद्य रोज पन्नास ग्रॅमने कमी करण्यास सांगितले. सौ.ला हे मान्य नाही. वहीत नोंद पन्नास ग्रॅम कमीची आहे, पण फ्रीजमधील पनीरचा हिशेब दोन दिवसांपासून जुळत नाही.