तपासणीला गुंगारा देणारी कावीळ

दर्यापूरच्या लॅबमधून ‘एचबीएसएजी निगेटिव्ह’ असा कागद आला की घरचे निर्धास्त होतात. बहुधा ते बरोबरच असते.

पण ही चाचणी हिपॅटायटिस बी विषाणूच्या आवरणावरील प्रथिनाचा एक छोटा भाग ओळखते; तो बदलला तर चाचणी चुकू शकते. लसीमुळे तयार होणारी प्रतिपिंडेही मुख्यतः तिथेच चिकटतात. इटलीत लस टोचूनही एका बाळाला लागण झाली, ती याच भागातल्या बदलामुळे. १९९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदीत या प्रथिनाच्या १४५व्या जागी ग्लायसिन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनिन होते. बस, एवढेच!

चकवण्याचा आणखी एक प्रकार आहे. २००९मध्ये गुजरातेतील मोडासा भागात नीट निर्जंतुक न केलेल्या सिरिंजांतून हिपॅटायटिस बीची साथ पसरली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला तिथे विषाणूच्या ‘प्रीकोर’ या जनुकभागात बदल सापडले. असा विषाणू त्याच्या वाढीची खूण मानले जाणारे ‘ई’ प्रतिजन बनवत नाही, वाढतो मात्र जोमाने. त्याला पकडते डीएनए चाचणी.