पालथ्या घड्यावर हवा

गाय उताणी झोपलेली कधी पाहिलीय? कुत्रं चार पाय वर करून लोळतं, पण तेही घटकाभरच. चार पायांवर चालणारे प्राणी जन्मभर पोट जमिनीकडे आणि पाठ आभाळाकडे ठेवून श्वास घेतात. माणूस आजारी पडला की मात्र आपण आधी त्याला पाठीवर निजवतो.

आता गंमत बघा. ‘दम लागला’ म्हणताना आपला हात पुढे छातीवर जातो, पण फुप्फुसांचा मोठा वाटा असतो पाठीकडे! पुढची बरीच जागा हृदयानं अडवलेली. डॉक्टर ‘पाठ करा, मोठा श्वास घ्या’ म्हणतात, ते उगाच नाही.

निरोगी माणसाला उताणं झोपल्यानं काही बिघडत नाही. पण गंभीर न्यूमोनियात, किंवा ‘एआरडीएस’ म्हणतात त्या अवस्थेत, फुप्फुसातल्या कोट्यवधी इवल्या वायुकोशांत पाणी झिरपतं. भिजलेल्या गोधड्या एकीवर एक रचल्या तर काय होतं? वरची जरा तरी फुगीर राहते, तळची पार चपटी होते. फुप्फुसाचं तसंच होतं. उताण्या रुग्णात तळाला येते पाठ. तिच्यावर ओल्या फुप्फुसाचं ओझं, वरून हृदयाचं वजन, खालून पोटाचा रेटा. पाठीकडचे वायुकोश मिटून जातात.

आणि रक्त? ते मात्र पाठीकडेच धावत राहतं. बाजार भरलाय, गिऱ्हाइकांची रांग लागलीय, पण नेमकी त्याच गल्लीतली दुकानं बंद! रक्त ऑक्सिजन न घेताच परत फिरतं.

मग रुग्णाला पालथं केलं तर? हृदय छातीच्या हाडावर टेकतं, पाठीवरचं ओझं उतरतं, मिटलेले वायुकोश उघडू लागतात. खरं आश्चर्य पुढेच आहे. रक्त आता गुरुत्वाकर्षणानं खाली, छातीकडे वळायला हवं ना? पण त्याचा मोठा ओघ पाठीकडेच राहतो, कारण रक्तवाहिन्यांची बांधणीच तशी. गिऱ्हाइकं जागची हलली नाहीत, दुकानं उघडली!

हे डोळ्यांनी दिसलं ते सीटी स्कॅनमुळे. 1980च्या दशकात इटलीत लुचानो गॅटिनोनी आणि त्यांचे सहकारी अशा रुग्णांची फुप्फुसं पाहत होते. हवा खेळत होती तो भाग पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या फुप्फुसाएवढाच! त्याला त्यांनी नाव दिलं ‘बेबी लंग’. रुग्ण पालथा केला, तर पाठीकडचे पांढरे, बंद पट्टे काही मिनिटांत मोकळे होऊन छातीकडे नवे पट्टे उमटले. म्हणजे एकीकडे कमावलं, दुसरीकडे गमावलं? नाही. पाठीकडचं दालन मोठं, छातीकडचं लहान. सौदा फायद्याचाच. शिवाय व्हेंटिलेटरचा ताण चिमूटभर भागावर न पडता सगळीकडे वाटला जातो.

तरीही 2001मधल्या मोठ्या चाचणीत, रोज सरासरी सात तास पालथं ठेवूनही, जीव वाचल्याचं दिसलं नाही. मग 2013मध्ये फ्रान्समधल्या क्लोद गेरँ यांच्या चमूनं अधिक गंभीर 466 रुग्ण निवडले आणि एका खेपेला किमान 16 तास पालथं ठेवलं. उताण्या गटात 28 दिवसांत 32.8 टक्के रुग्ण दगावले, पालथ्या गटात 16 टक्के. निम्मे! तेही कुठल्या नव्या औषधाविना. लागले ते चार-पाच जणांचे हात. एक जण डोक्याशी श्वासाची नळी धरून उभा राहतो, ‘एक, दोन, तीन’ म्हणतो आणि सगळे मिळून कूस पालटतात.

नळी घालायची वेळच येऊ नये म्हणून दुसरी युक्ती आहे. फुगा फुगवताना सर्वांत जड कुठली फुंकर? पहिली. मग फुगा पूर्ण मिटूच दिला नाही तर? ‘सीपॅप’ हेच करतं: घट्ट मास्कमधून सतत थोडा दाब, श्वास सोडतानाही. नवजात बाळांच्या कक्षात याचं सर्वांत साधं रूप दिसतं. पाण्याची बाटली, तिच्यात बुडवलेली नळी, बुडबुड्यांचा अखंड आवाज. नळी 5 सेंटीमीटर बुडली की दाबही तेवढ्याच उंचीच्या पाण्याचा! मोठ्यांच्या यंत्रांवरही दाब याच मापात मोजतात.

कोविडमध्ये पालथं होणं आणि नळी टाळणं या दोन्ही कल्पना एकत्र आल्या. नाकातून वेगानं कोमट, दमट ऑक्सिजन घेणारे जागे रुग्ण स्वतःच पालथे होऊ लागले. सहा देशांतल्या अकराशेहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात नळी घालावी लागण्याचं प्रमाण घटलं. मृत्यू मात्र स्पष्टपणे घटलेले दिसले नाहीत. एप्रिल 2021मध्ये आपल्या आरोग्य मंत्रालयानं तर उशा कुठे ठेवायच्या तेही सांगितलं: एक मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली. जेवणानंतर तासभर नाही, गरोदरपणी नाही.

दम लागलेल्यानं आधी दवाखाना गाठावा. पण तुम्ही ठणठणीत असाल, तर आज जेवणाआधी सतरंजीवर पालथे पडा आणि घरातल्या कुणाला तरी पाठीवर, बरगड्यांच्या खालच्या कडेला, तळहात ठेवायला सांगा. सावकाश श्वास घ्या. हात वर उचलला जाईल.