सत्तरीनंतरचे कार्ड आणि रोजच्या गोळ्या : वाद नेमका कशाचा?

वाराणसी : पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ११ एप्रिल २०२५ रोजी आपल्या या मतदारसंघात सत्तर वर्षे व त्यावरील नागरिकांना 'आयुष्मान वय वंदना' कार्डे प्रदान केली. जिल्ह्यात सुमारे ५० हजार कार्डे वितरित झाल्याचे त्यांनी त्यावेळी सांगितले. उत्पन्नाची अट न घालता वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत मोफत उपचार देणाऱ्या या योजनेचे सर्वसाधारणपणे स्वागत झाले आहे. तथापि, ज्येष्ठांना आयुष्यभर घ्याव्या लागणाऱ्या औषधांचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेरच राहिला आहे.

कार्डाने काय मिळते?

केंद्रीय मंत्रिमंडळाने ११ सप्टेंबर २०२४ रोजी योजनेच्या या विस्ताराला मंजुरी दिली आणि २९ ऑक्टोबर रोजी तिचा शुभारंभ झाला. साडेचार कोटी कुटुंबांतील सुमारे सहा कोटी ज्येष्ठांना तिचा लाभ अपेक्षित असून त्यासाठी ३,४३७ कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. पाच लाखांची मर्यादा कुटुंबनिहाय आहे. घरात सत्तरीपुढील दोघे असल्यास ती दोघांत मिळून असते. कार्ड देशभरात चालते. त्यामुळे काशीत वास्तव्यास असलेल्या महाराष्ट्रातील वृद्धालाही येथील संलग्न रुग्णालयात उपचार घेता येतात.

ही योजना मूलतः रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस, एवढ्या काळातील तपासण्या व औषधे तीत समाविष्ट आहेत. सोळाव्या दिवसापासून औषधांचा खर्च रुग्णाकडे येतो. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांनी लिहून दिलेल्या रक्तदाब वा मधुमेहाच्या गोळ्यांनाही या कार्डातून पैसे मिळत नाहीत. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना मात्र सीजीएचएसमधून अशी औषधे मिळतात. ज्येष्ठांमधील ही विषमता वादाच्या मुळाशी आहे.

राजकीय भूमिका

सत्तरीपुढील सर्वांना योजनेत आणण्याचे आश्वासन भाजपने २०२४च्या लोकसभा निवडणुकीत दिले होते. काँग्रेसने २५ लाखांच्या रोकडरहित विम्याचे वचन दिले होते. दिल्ली व पश्चिम बंगाल तेव्हा योजनेत सहभागी नसल्याने शुभारंभाच्या वेळी मोदी यांनी तेथील ज्येष्ठांची क्षमा मागितली होती. त्यानंतर डिसेंबर २०२४मध्ये आम आदमी पक्षाने दिल्लीत साठीपुढील सर्वांसाठी मोफत उपचारांची 'संजीवनी' योजना जाहीर केली. सत्तांतरानंतर एप्रिल २०२५मध्ये दिल्ली केंद्राच्या योजनेत सामील झाली. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने वयोमर्यादा साठपर्यंत खाली आणावी आणि संरक्षण दहा लाख करावे, अशी शिफारस केली आहे.

औषधांचा समावेश का नाही?

विमा हा अनिश्चित आणि मोठ्या खर्चासाठी असतो. रोजची गोळी हा निश्चित खर्च आहे, त्यामुळे तो विम्यातून भागवणे महाग व देखरेखीस अवघड ठरते, असा एक युक्तिवाद आहे. त्याऐवजी सरकारी दवाखान्यांतून मोफत औषधे आणि जनऔषधी केंद्रांतून स्वस्त औषधे पुरवावीत, असे ही बाजू सांगते. जनऔषधी केंद्रांतील किमती नाममुद्रांकित औषधांपेक्षा ५० ते ८० टक्के कमी असल्याचा सरकारचा दावा आहे. राजस्थानने २०११पासून मोफत औषध योजना राबवली. तामिळनाडूने २०२१पासून रक्तदाब व मधुमेहाची औषधे घरपोच देण्यास सुरुवात केली.

दुसरी बाजू म्हणते की, गोळी परवडत नाही म्हणून ती बंद केली, तर पक्षाघात वा मूत्रपिंडाचा विकार ओढवतो आणि अखेर त्याच कार्डावर मोठा खर्च होतो. आजार बळावण्याची वाट पाहून पैसे देणे रुग्णाच्या आणि तिजोरीच्याही हिताचे नाही, असे तिचे म्हणणे आहे. २०१७-१८च्या राष्ट्रीय पाहणीनुसार साठीपुढील सुमारे साडेसात कोटी व्यक्तींना किमान एक दीर्घकालीन आजार आहे. २०२१-२२मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भार नागरिकांनी स्वतःच्या खिशातून उचलला.

अमेरिकेतही ज्येष्ठांसाठीची 'मेडिकेअर' योजना १९६५मध्ये घरी घ्यावयाच्या औषधांविनाच आली. त्यांच्यासाठीचा कायदा २००३मध्ये झाला आणि लाभ २००६पासून मिळू लागला.

संसदीय समितीच्या दोन्ही शिफारशी मान्य झाल्या, तरी अधिक लोकांना अधिक रकमेचे रुग्णालयीन संरक्षण मिळेल; दरमहा औषधाच्या दुकानात द्यावे लागणारे बिल मात्र तेवढेच राहील. त्यासाठी बाह्यरुग्ण उपचारांचा स्वतंत्र निर्णय आवश्यक आहे. तोवर ज्येष्ठांपुढे सरकारी दवाखाना, जनऔषधी केंद्र आणि स्वतःचा खिसा हेच तीन मार्ग आहेत.