एका टाकीत किती बांध्या

पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटून मुठी बांधायला लागल्या की भंडारा जिल्ह्यातल्या ट्रॅक्टरला उसंत नसते. आर्द्रा कोरड्या गेल्या आणि पुनर्वसूत पाऊस लागला, तर सगळ्या गावाची रोवणी एकाच आठवड्यात अंगावर येते. लाखांदूर असो, पवनी असो की साकोली, पहाटे बांधीत, म्हणजे धुऱ्यांनी घेरलेल्या धानाच्या तुकड्यात, उतरलेला ट्रॅक्टर दिवस मावळल्यावरही दिव्याच्या उजेडात चिखल करताना दिसतो. मागे धुऱ्यावर रोवणाऱ्या बायांची टोळी उभी असते. टोळी आज या शेतकऱ्याकडे, उद्या दुसऱ्याकडे बोललेली असते. ऐन बांधीत डिझेल संपलं, तर टोळीची सकाळ वाया जाते आणि पुढच्या दोन शेतकऱ्यांचं वेळापत्रक कोलमडतं.

म्हणून दर हंगामात गावोगावच्या गॅरेजात एक प्रश्न विचारला जातो: टाकी मोठी करून मिळेल का?

प्रश्न साधा वाटतो. ४० ते ५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला कंपनीकडून साधारण ५० लिटरच्या आसपासची टाकी येते, काहींना थोडी कमी, काहींना ६० पर्यंत. चिखलणीत तासाला ५ लिटर डिझेल गेलं, तर हिशेबाने ५० लिटरवर १० तास काम व्हायला हवं. प्रत्यक्षात तळाचे चार-पाच लिटर धरायचेच नसतात. तळाशी गाळ असतो, पाणी असतं, आणि धुरा चढताना ट्रॅक्टर तिरका झाला की नळीच्या तोंडापासून डिझेल दूर सरकतं. काटाही अशा वेळी खोटं दाखवतो. पुढची चाकं वर असताना टाकी भरलेली दिसते आणि सपाटीवर आल्यावर काटा झरकन खाली येतो. जुने ट्रॅक्टरवाले काट्यावर विसंबत नाहीत. झाकण उघडून काडी बुडवून बघतात.

चिखलणी बघायला धुऱ्यावर तासभर उभं राहावं. बांधीत बोटभर-दोन बोटं पाणी साचलेलं असतं. रबरी चाकांच्या बाजूला लोखंडी जाळीची चाकं, म्हणजे केज व्हील, जोडलेली असतात. डांबरी रस्ता ती उखडून काढतात, म्हणून शेतापर्यंत वेगळी आणायची आणि धुऱ्यापाशी बोल्ट आवळून बसवायची. मागे रोटाव्हेटर किंवा फन. इंजिनाचा आवाज एका सुरात चालू असतो, मग मऊ जागा लागते, चाक जागच्या जागी फिरू लागतं आणि धुराड्यातून काळा झोत निघतो. तो काळा धूर म्हणजे पुरतं न जळलेलं डिझेल. ट्रॅक्टर जागचा हललेला नसतो, पण टाकीतलं तेल कमी झालेलं असतं.

चाक किती घसरतं हे मोजायला यंत्र लागत नाही. मागच्या चाकावर चुन्याची खूण करायची. कडक रस्त्यावर दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती पुढे गेला ते पावलांनी मोजायचं, मग तेच बांधीत, औजार खाली सोडून. रस्त्यावर ४० मीटर आणि बांधीत ३० मीटर भरले, तर चाकाच्या दर चार फेऱ्यांतली एक फुकट गेली. कोरड्या नांगरटीत १५ टक्क्यांपर्यंतची घसरण चालते. चिखलात ती सहज त्याच्या वर जाते. मऊ जमिनीत चाक स्वतःच खड्डा करतं आणि स्वतःच त्यातून वर यायला धडपडतं. वैनगंगेच्या पात्रातल्या रेतीत हेच होतं, राजस्थानच्या वाळूतही हेच होतं.

वाळूतल्या गाड्यांची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत १९६४ साली ब्रूस मेयर्स यांनी फोक्सवॅगन बीटलचे सुटे भाग आणि फायबरग्लासची हलकी बॉडी वापरून 'मेयर्स मँक्स' ही ड्यून बग्गी बनवली. १९६७ च्या एप्रिलमध्ये मेयर्स आणि टेड मँगल्स या दोघांनी मेक्सिकोतल्या बाहा द्वीपकल्पाची ला पाझ ते तिहुआना ही ओसाड वाट या बग्गीने ३४ तास ४५ मिनिटांत कापली. आधीचा विक्रम मोटारसायकलचा होता, १९६२ सालचा, जवळपास ४० तासांचा. त्याच वर्षी त्या भागात पहिली 'मेक्सिकन १०००' शर्यत झाली आणि तीही मँक्सनेच जिंकली. पंप नसलेल्या मुलखात इंधनाची सोय प्रत्येकाला करावीच लागते. पण मँक्सचं खरं बळ तिच्या वजनात होतं. हलकी गाडी वाळूत कमी रुतते, कमी रुतली की कमी जाळते, आणि कमी जाळली की त्याच टाकीत लांब जाते. आपल्याकडे पीथमपूरला २००७ पासून होणाऱ्या 'बाहा एसएईइंडिया' स्पर्धेत इंजिनिअरिंगची मुलं स्वतः बनवलेल्या गाड्या सलग चार तास खड्ड्या-मातीतून पळवतात. इंजिन सगळ्यांना सारखंच असतं, त्यामुळे तिथेही गाडीच्या वजनाचा आणि चाकापर्यंत पोचणाऱ्या ताकदीचा कस लागतो.

भंडाऱ्याच्या ट्रॅक्टरला वजन लागतं, हा फरक मान्य. औजार ओढायला चाकावर भार हवाच. पण तो किती आणि कुठे, याचा विचार क्वचित होतो. उन्हाळ्यात ट्रॉली ओढताना पुढे लटकवलेली लोखंडी वजनं चिखलणीतही तशीच राहतात, टायरात भरलेलं पाणीही तसंच राहतं. कडक जमिनीवर उपयोगी पडलेलं हे ओझं चिखलात चाकाला खाली ढकलतं. केज व्हील लावलं की चाकाचा पसारा वाढतो, भार विभागला जातो. मग जादा वजनाची गरज उरत नाही.

आता टाकीकडे येऊ. कामचलाऊ जुगाड असा असतो: मडगार्डजवळ किंवा सीटच्या मागे २० लिटरचा डबा बांधायचा, तळातून नळी काढून मूळ टाकीला जोडायची. २० लिटर डिझेलचं वजन सुमारे १७ किलो, ते फार नाही. अडचणी दुसरीकडे येतात. टाकीत तेल कमी होतं तशी बाहेरची हवा आत यावी लागते. झाकणाच्या बारीक भोकात चिखल बसला, की आत ओढ तयार होते, पंपाला डिझेल मिळत नाही आणि टाकी अर्धी भरलेली असताना ट्रॅक्टर धापा टाकून बंद पडतो. दोन टाक्या जोडताना खालच्या नळीइतकीच वरची हवेची नळी महत्त्वाची असते, आणि ती विसरली जाते.

दुसरी विसरली जाणारी गोष्ट म्हणजे परतीची नळी. पंपाकडे गेलेलं सगळं डिझेल जळत नाही. नोझलांमधून गळलेलं, तापलेलं तेल एका बारीक नळीने टाकीत परत येतं. पुरवठा एका टाकीतून आणि परतावा दुसऱ्या टाकीत, अशी जोडणी झाली तर एक टाकी रिकामी होते आणि दुसरी झाकणातून वाहू लागते. टाकीचा पत्राही बघून घ्यावा लागतो. जस्त चढवलेला, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड, पत्रा पाण्यासाठी उत्तम, पण डिझेलमधल्या आम्लांशी जस्ताची क्रिया होते आणि त्यातून तयार होणारा चिकट गाळ फिल्टर बंद करतो. फवारणीच्या औषधाची जुनी कॅन वापरणं त्याहून वाईट. शिवाय मोठ्या टाकीत आडवे पडदे नसतील, तर वळणावर सगळं तेल एका बाजूला आदळतं. धुरा ओलांडताना ट्रॅक्टर आधीच तिरका असतो. त्या क्षणी उंचावर हेलकावणारं ओझं चालकाच्या जिवावर बेतू शकतं.

कायद्याचाही मुद्दा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातला तपशील मूळ बनावटीहून वेगळा पडेल असा बदल परस्पर करता येत नाही. शेतात डिझेल ठेवण्याला मात्र कायदा आडवा येत नाही. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात डिझेल 'ब' वर्गात मोडतं. एकेक भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसेल, तर एकूण २,५०० लिटरपर्यंतच्या साठ्याला परवाना लागत नाही. पेट्रोल 'अ' वर्गातलं, त्याची मर्यादा अवघी ३० लिटर. म्हणजे ट्रॅक्टरवर दुसरी टाकी चढवण्यापेक्षा शेताच्या कडेला, सावलीत, घट्ट झाकणाची स्वच्छ टाकी ठेवणं कायद्यातही बसतं आणि शहाणपणातही. २०१८ साली इंडियन ऑइलने पुण्यात डिझेल दारात पोचवणारी गाडी सुरू केली. धानाच्या हंगामात, आठवडाभर का होईना, अशी गाडी मोठ्या गावांमध्ये नेमाने फिरली तर किती दुचाक्यांच्या पंपावरच्या खेपा वाचतील! डिझेलची डबकी दोन पायांत धरून, पावसात, निसरड्या रस्त्याने पंपावरून परतणारी पोरं बघितली की ही मागणी किती रास्त आहे ते कळतं.

तेल संपलंच, तर पुढचा अर्धा तास बघण्यासारखा असतो. डिझेल ओतून चावी फिरवली की ट्रॅक्टर सुरू होत नाही, कारण नळीत हवा शिरलेली असते. मग फिल्टरवरचा स्क्रू थोडा सैल करायचा, हातपंप दाबत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग धार. धार आली की स्क्रू आवळायचा. काही वेळा नोझलचे नटही सैल करून स्टार्टर मारावा लागतो. पायाखाली चिखल, हात डिझेलने माखलेले, वरून पाऊस. या वेळी पाण्याचा एक थेंब जरी फिल्टरपलीकडे गेला, तरी पंपाचे बारीक घासून बसवलेले भाग गंजतात आणि दुरुस्ती हजारांत जाते. म्हणून जाणते लोक डबकीवर पोतं धरून, गाळणीतून, सावकाश ओततात. तोंडाने नळी ओढून डिझेल काढायची सवय अजून दिसते. ते फुप्फुसात गेलं तर माणूस दगावू शकतो. साधा हातपंप त्यासाठी पुरे.

टाकी रात्री रिकामी ठेवायची की भरलेली, यावर गावात वाद होतात. भरलेलीच ठेवावी. आषाढातल्या दमट हवेत रिकाम्या टाकीतली हवा रात्री थंड होते, पत्र्याला आतून घाम सुटतो आणि ते पाणी तळाशी साचतं. काम संपल्यावर टाकी भरली की घाम धरायला जागाच राहत नाही. सकाळी वॉटर सेपरेटरची चावी सोडून दोन थेंब पाणी काढायचं आणि बांधीत उतरायचं.

मूळ हिशेबाकडे पुन्हा बघू. ५० लिटरची टाकी आणि तासाला ५ लिटर, म्हणजे १० तास. तासाचा खर्च ४ लिटरवर आणला, तर त्याच टाकीत साडेबारा तास. एवढेच तास टाकी वाढवून मिळवायचे, तर साडेबासष्ट लिटरची टाकी लागेल आणि जादा तेलाचे पैसेही रोज मोजावे लागतील. खर्च खाली आणायचे मार्ग साधे आहेत. हवेचा फिल्टर रोज साफ करणं हा त्यांतला सगळ्यांत स्वस्त. तो तुंबला की धूर काळा होतो. बांधीत पाणी बेतानं ठेवणं हा दुसरा. पाणी जास्त असेल तर चाक पोहल्यासारखं घसरतं, फार कमी असेल तर चिखल चिकटून औजार जड होतं. गियर एक वरचा आणि थ्रॉटल थोडा खाली, एवढ्याने फन ओढताना फरक पडतो. रोटाव्हेटरला पीटीओचे, म्हणजे औजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याचे, फेरे ठरलेले लागतात, पण ज्या ट्रॅक्टरला दोन वेगांचा पीटीओ आहे, त्याचा इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर चालणारा टप्पा हलक्या चिखलणीला पुरतो. तो बहुतेकांनी कधी टाकूनच पाहिलेला नसतो.

सगळ्यांत मोठी बचत मात्र जमिनीत आहे. चिखलणी कशासाठी करतात? पाणी खाली मुरू नये, तण गाडलं जावं आणि पऱ्हे रोवायला जमीन मऊ व्हावी यासाठी. चार-सहा इंच खोलीत ते साधतं. त्याहून खोल गेलं की दरवर्षी ट्रॅक्टर अधिक रुतत जातो आणि डिझेल अधिक लागतं. तिसरा-चौथा फेरा अनेकदा केवळ बांधी गुळगुळीत दिसावी म्हणून मारला जातो. जिल्ह्यात 'आवत्या' म्हणून धान थेट पेरण्याची जुनी पद्धत आहेच. तणाचा बंदोबस्त नीट जमत असेल, तिथे ती चिखलणीचं सगळं डिझेल वाचवते. बांध्यांचा आकारही हिशेबात धरावा. मालगुजारी तलावांखालच्या लहान, वाकड्यातिकड्या बांध्यांत ट्रॅक्टरचा बराच वेळ वळण्यात जातो. लांबीच्या दिशेने फेरे घेतले तर वळणं कमी होतात.

नोंद ठेवताना एक काळजी घ्यावी. बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांचा मीटर तास मोजतो तो इंजिनाच्या फेऱ्यांवरून. हळू चालवलं तर मीटरचा एक तास घड्याळात जास्त वेळ घेतो. त्यामुळे दोन ट्रॅक्टरांची तुलना मीटरवर करू नये. टाकी काठोकाठ भरायची, घड्याळ लावून काम करायचं, किती एकर झालं ते लिहायचं आणि पुन्हा काठोकाठ भरताना किती लिटर गेलं ते बघायचं. शेतकऱ्याला शेवटी एकरी लिटर हाच आकडा कामाचा.

नवा ट्रॅक्टर घ्यायचा असेल, तर हा आकडा आधीच बघता येतो. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेत ट्रॅक्टरांची तपासणी होते. कोरड्या नांगरटीबरोबर चिखलणीतही ते चालवून पाहतात, तासाला आणि हेक्टरला किती डिझेल लागलं ते नोंदवतात, आणि गाळ-पाणी आतल्या भागांत शिरलं का तेही उघडून तपासतात. हे अहवाल सर्वांसाठी खुले असतात. शोरूममध्ये टाकी किती लिटरची हे विचारण्याआधी त्या मॉडेलचा बुदनीचा अहवाल मागा आणि त्यातला चिखलणीचा तक्ता वाचा.