पाण्याच्या छपराला खिडकी असते

मुलांनो, नदीतल्या माशाला वर पाहिल्यावर काय दिसत असेल? आभाळ? काठावरची झाडं? की हातात काठी घेऊन उभा असलेला माणूस? प्रश्न साधा वाटतो, पण मासे धरण्याची एक अख्खी विद्या त्याच्या उत्तरावर उभी आहे. तिचं नाव फ्लाय फिशिंग. तिच्यात गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही, शिसंही नाही. नखाएवढ्या गळावर रेशमी दोऱ्यानं कोंबड्याच्या मानेचं पीस गुंडाळायचं, एक खोटा किडा, म्हणजे फ्लाय, तयार करायचा, आणि माशाला तो खरा वाटला पाहिजे. आता माशाला काय खरं वाटतं हे कळायचं, तर आधी त्याच्या डोळ्यांनी बघायला शिकावं लागतं.

त्यासाठी इंग्लंडात जाऊ. तिथे हॅम्पशायरमध्ये टेस्ट नावाची नदी आहे. ती खडूच्या खडकातून येते. पडलेला पाऊस खडकात मुरतो, आत खूप दिवस रेंगाळतो आणि मग झऱ्यांवाटे बाहेर येतो. म्हणून हिवाळा असो की उन्हाळा, झऱ्याचं पाणी साधारण १० ते ११ अंशांवरच असतं, आणि नितळ तर इतकं की तळाचा खडा न्‌ खडा दिसावा. या पाण्यात तपकिरी ट्राउट राहतो. (याच जातीच्या ट्राउटची अंडी १९०० च्या सुमारास स्कॉटलंडहून काश्मिरात आणली गेली. आज हिमाचलच्या तीर्थन नदीत तो सुखानं नांदतो आहे.)

समजा, असा एक ट्राउट पाण्याखाली ३० सेंटिमीटरवर, प्रवाहाकडे तोंड करून स्थिर उभा आहे. हवेतून पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. वाकल्यामुळे होतं असं की काठावरचं सगळं जग, या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत, माशाच्या डोक्यावरच्या एका गोलात दाटीवाटीनं बसतं. माशाच्या डोळ्यापासून वर उघडणारा हा सुमारे ९७ अंशांचा शंकू. आपला मासा ३० सेंटिमीटर खोल आहे, तर त्याची ही खिडकी साधारण ६८ सेंटिमीटर रुंद. तो वर आला की खिडकी लहान होते, खाली गेला की मोठी. आणि खिडकीच्या बाहेरचं छप्पर? तो चक्क आरसा असतो! त्यात नदीचाच तळ उलटा दिसतो.

खिडकीच्या अगदी कडेला क्षितिजालगतच्या वस्तू असतात, पण त्या चेपलेल्या आणि अंधूक. पाण्याच्या पातळीपासून १० अंशांच्या खाली जे आहे, ते माशाला जवळजवळ दिसत नाही. गणित करून बघा: १० मीटर अंतरावर ही रेषा पावणेदोन मीटर उंचीवरून जाते. म्हणजे पाण्यात उतरून उभा राहिलेला माणूस जेमतेम लपतो, आणि उंच काठावर ताठ उभा राहिला की उघडा पडतो. म्हणून जाणती माणसं गुडघ्यावर रांगत नदीकाठी येतात. देहूला इंद्रायणीच्या डोहातल्या ज्या माशांना भाविक पिढ्यान्‌पिढ्या खाऊ घालत आले, त्या माशांनाही माणसांचे वाकलेले चेहरे अशाच गोल खिडकीतून दिसत आले. नदी बदलली म्हणून प्रकाशाचा नियम बदलत नाही.

आता छपरावर एक पाहुणा येतो. त्याला मेफ्लाय म्हणतात. हा कीटक आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतही आहे. वाहत्या स्वच्छ पाण्यातला एखादा दगड अलगद उलटा करा. त्याला चिकटलेलं चपटं, लगबगीनं सरकणारं एक पिल्लू दिसेल. शेपटीला दोन किंवा तीन लांब केसांसारखे तंतू असतील आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे कल्ले सारखे थरथरत असतील. बघून झालं की दगड होता तसाच ठेवायचा, बरं का! टेस्ट नदीतल्या मोठ्या मेफ्लायचं पिल्लू तळाच्या गाळात बीळ करून बहुधा दोन वर्षं काढतं. मग मे महिन्याच्या अखेरीला एके दिवशी ते वर येतं, पाठीवरची कात फाटते आणि पंखवाला कीटक पाण्यावर उभा राहतो. काही तासांनी, फार तर दुसऱ्या दिवशी, तो पुन्हा कात टाकतो, पंखांसकट! उडते पंख फुटल्यावर पुन्हा कात टाकणारे कीटक जगात फक्त हेच. आता त्याला खाता येत नाही, कारण तोंड निकामी झालेलं असतं आणि पोटात नुसती हवा. उरलेल्या एक-दोन दिवसांत जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि मरायचं. काही जातींच्या नरांना तर डोक्यावर, फक्त वर पाहणारी डोळ्यांची वेगळी जोडी असते, आभाळावर उमटलेली मादी टिपायला.

छपरावर उभ्या राहिलेल्या या कीटकाचे पाय पाण्याच्या कातडीत खळगे पाडतात. तो अजून खिडकीत आलेला नसतो, आरशावरच असतो. माशाला कीटक दिसत नाहीच. काळसर आरशात चमचमणारे चार-सहा ठिपके तेवढे सरकत येताना दिसतात. मग खिडकीच्या कडेला, अंगापासून तुटल्यासारखी, पंखांची टोकं उगवतात. मासा तेवढ्यावरच ठरवतो आणि वर येतो. फ्लाय बांधताना कोंबड्याच्या मानेचंच ताठ पीस का घेतात, ते आता कळलं? त्याचे तंतू पाण्यात घुसत नाहीत, पाण्यावर टेकतात आणि तसेच खळगे पाडतात.

फ्रेडरिक हॅल्फर्ड या गृहस्थांनी १८८६ साली अशा तरंगत्या फ्लाय कशा बांधाव्यात यावर पुस्तक लिहिलं आणि छपरावरची शिकार हाच खरा धर्म, असं त्यांच्या अनुयायांनी ठरवून टाकलं. जी. ई. एम. स्क्यूज नावाच्या एका वकिलाला ते पटेना. इचेन नदीवर धरलेल्या ट्राउटच्या पोटातलं अन्न ते लांबट चमच्यानं काढत आणि पांढऱ्या बशीत पाणी घालून पसरत. बशीत हलके हलके सुटे होत जाणारे ते जीव बहुतेक पंख न फुटलेले असत, पाण्याखालचीच पिल्लं! मासा जेवतो खालीही, मग फ्लाय वरच का राहावी? १९१० साली त्यांनी हे लिहिलं, आणि भांडण १९३८ पर्यंत धुमसत राहिलं. माझं मन स्क्यूज यांच्याकडे झुकतं. त्यांनी माशालाच विचारलं ना!

पण पिसाएवढी हलकी वस्तू दहा मीटर लांब फेकायची कशी? फेकायची ती वस्तू नव्हेच. जड असते ती दोरी. ट्राउटसाठीच्या पाच नंबरच्या दोरीचे पहिले नऊ मीटर साधारण ९ ग्रॅम भरतात. गाडीवानाच्या आसुडासारखी ती मागे लांबवायची, पूर्ण ताणली जाईपर्यंत थांबायचं, मग पुढे. दोरीचा विळखा उलगडत जातो, टोकाकडे दोरी बारीक होत जाते, जोर विरत जातो आणि फ्लाय शेवटी आपल्याच वजनानं उतरते. मागे थांबणं जमलं की निम्मं काम झालं. आणि मासा मिळाला आणि परत सोडायचा असेल तर? हात आधी ओले करायचे. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि रोगापासून राखणारा तोच तर थर असतो.

खाऱ्या पाण्यात खेळ उलटतो. सेशेल्समधल्या सेंट फ्रान्स्वा बेटाच्या उथळ वाळूवर बोनफिश चरतो. त्याचं तोंड खाली वळलेलं, तो वाळूतले खेकडे आणि कोळंबी उकरतो, म्हणून फ्लायही खेकड्याची बांधतात आणि तळाशी बसू देतात. लहानपणी हा मासा काचेसारखी आरपार पट्टी असतो, समुद्रावर तरंगत राहतो, आणि मोठा होण्याआधी चक्क आखूड होतो! मोठेपणी त्याचे खवले आरशांसारखे वाळूचाच रंग परतवतात. गुडघाभर पाण्यातही मासा दिसत नाही, सावली दिसते.

ती सावली दिसायला वेगळा चष्मा लागतो. पाण्यावरून तिरका परतलेला प्रकाश बहुतांश आडवा थरथरतो. पोलराइज्ड चष्मा आडवी थरथर अडवतो, चकाकी जाते आणि तळ उघडा होतो.

माणसानं जी चकाकी काढून टाकली, तीच मेफ्लायच्या मादीला हवी असते. आडवी थरथरणारी चकाकी म्हणजे पाणी, एवढंच तिला ठाऊक. १९९८ साली गाबोर होर्वात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हंगेरीत दाखवून दिलं की ओढ्याशेजारच्या कोरड्या डांबरी रस्त्यावर मेफ्लायचे थवे अंडी घालतात, कारण काळं गुळगुळीत डांबर ही थरथर पाण्यापेक्षाही जोरात परतवतं. दोन वर्षं गाळात काढलेल्या जिवांची अंडी रस्त्यावर वाळून जातात. मला याचं फार वाईट वाटतं. पण त्याच मंडळींनी पुढे डॅन्यूब नदीवर उपाय करून पाहिला. पुलावरच्या दिव्यांकडे ओढले जाऊन थवे रस्त्यावर उतरत होते, म्हणून पुलाच्या खालच्या अंगाला पाण्यावर उजेड पाडणारे दिवे लावले. थवे खालीच थांबले आणि अंडी नदीत पडली.