शिक्षणाचा आराखडा कोण आखतो? चेन्नईचा अनुभव

चेन्नई : तमिळनाडूचे स्वतंत्र शालेय शिक्षण धोरण ८ ऑगस्ट २०२५ रोजी मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांच्या हस्ते चेन्नईतील अण्णा शताब्दी ग्रंथालयात जाहीर करण्यात आले. तमिळ आणि इंग्रजी ही दोनच भाषांची चौकट, अकरावीची सार्वजनिक परीक्षा रद्द करणे, तसेच तिसरी, पाचवी आणि आठवीच्या टप्प्यावर सार्वजनिक परीक्षा घेण्यास नकार या त्यातील तरतुदींची देशभर चर्चा झाली. मात्र हे धोरण ज्या मार्गाने तयार झाले तो मार्गही तितकाच लक्षणीय आहे. दिल्ली उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती डी. मुरुगेशन यांच्या अध्यक्षतेखाली २०२२ साली समिती नेमण्यात आली होती. तिच्या सदस्यांत शिक्षणतज्ज्ञांबरोबर बुद्धिबळपटू विश्वनाथन आनंद, कर्नाटक संगीतातील गायक टी. एम. कृष्णा आणि तमिळ साहित्यिक एस. रामकृष्णन यांचाही समावेश होता. कोणत्याही व्यावसायिक सल्लागार कंपनीच्या यादीत ही नावे सापडणार नाहीत.

देशाच्या किंवा राज्याच्या शिक्षणव्यवस्थेला सल्ला देणे हे आता एक स्वतंत्र क्षेत्र झाले आहे. शाळा, शिक्षक आणि विद्यार्थी यांची आकडेवारी गोळा करणे, उणिवा शोधणे, पाच-दहा वर्षांची उद्दिष्टे ठरवणे, त्यांचा खर्च काढणे आणि प्रगतीवर देखरेखीची पद्धत बसवणे, असे या कामाचे साधारण स्वरूप असते. भारतात केंद्र शासनाने १९८१ साली एज्युकेशनल कन्सल्टंट्स इंडिया लिमिटेड हा उपक्रम याच कामासाठी स्थापन केला. १९९४ साली जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, त्या वेळी जागतिक बँक आणि अन्य परकीय साहाय्यकर्त्यांच्या पैशाबरोबर तज्ज्ञांचे गटही आले. पहिल्या टप्प्यातील सात राज्यांत तमिळनाडू होते आणि महाराष्ट्रही होता. जागतिक बँकेने २०२० साली मंजूर केलेल्या ‘स्टार्स’ प्रकल्पासाठी सहा राज्यांची निवड झाली. त्यात महाराष्ट्राचे नाव आहे, तमिळनाडूचे नाही. काही राज्यांनी अलीकडच्या काळात थेट खासगी सल्लागार कंपन्यांनाही पाचारण केले आहे.

या क्षेत्राच्या जडणघडणीत मद्रासच्या एका अर्थशास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. १९१० साली वेल्लोर येथे जन्मलेले माल्कम आदिशेषय्या हे मद्रास ख्रिश्चन कॉलेजमध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. पुढे ते युनेस्कोत गेले आणि १९६३ ते १९७० या काळात त्या संघटनेचे उपमहासंचालक झाले. नव्याने स्वतंत्र झालेल्या आशियाई आणि आफ्रिकी देशांना शिक्षणाचे आराखडे हवे होते, पण ते आखणारी माणसे त्यांच्याकडे नव्हती. युनेस्कोने ती पुरवण्यास सुरुवात केली, आणि १९६३ साली पॅरिसमध्ये शैक्षणिक नियोजनाची आंतरराष्ट्रीय संस्थाही उभी राहिली. आशियातील प्रत्येक मुलाला १९८० पर्यंत सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण मिळावे, असे उद्दिष्ट असलेली ‘कराची योजना’ ही याच काळातली. १९८० साल आले आणि गेले. भारतात शिक्षणाच्या हक्काचा कायदा प्रत्यक्ष अमलात येण्यास १ एप्रिल २०१० ही तारीख उजाडावी लागली.

आदिशेषय्या मद्रासला परतले आणि पत्नी एलिझाबेथ यांच्यासह त्यांनी १९७१ साली मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीज ही संशोधन संस्था अड्यार भागात स्थापन केली. जगभर सल्ला पुरवणाऱ्या माणसाला आपल्याच राज्याचा बारकाईने अभ्यास करणारी संस्था उभारावीशी वाटली, ही बाब सूचक आहे. मराठी वाचकांना या ठिकाणी जे. पी. नाईक यांचे स्मरण होईल. कोल्हापूर जिल्ह्यातून आलेले नाईक हे १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. त्या आयोगावर ब्रिटन, अमेरिका, सोव्हिएत संघ, फ्रान्स आणि जपान येथील तज्ज्ञही बसले होते. अहवाल गाजला. मात्र त्यातील किती शिफारशी प्रत्यक्षात उतरल्या आणि किती का उतरल्या नाहीत, याचा हिशेब नाईक यांनी स्वतःच एका पुस्तकात मांडला. ते त्यांच्या निधनानंतर १९८२ साली प्रसिद्ध झाले. आपल्याच अहवालाची अशी तपासणी करणारे सल्लागार विरळाच.

महापालिकेच्या वर्गातील शिडी

अहवाल आणि वर्ग यांतील हे अंतर कसे कापता येते, याचे सर्वांत बोलके उदाहरण चेन्नईतच घडले. २००३ साली एम. पी. विजयकुमार हे भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारी चेन्नई महापालिकेचे आयुक्त होते. महापालिकेच्या शाळांत येणारी मुले प्रामुख्याने झोपडपट्ट्यांतील होती. घरी अभ्यास घेणारे कोणी नाही, मधूनच आठ-आठ दिवस गैरहजेरी, आणि परत आल्यावर वर्ग पुढे निघून गेलेला, असा त्यांचा अनुभव असे. चार वर्षे शाळेत बसूनही अनेकांना साधे वाक्य वाचता येत नसे. विजयकुमार यांनी वेल्लोरचे जिल्हाधिकारी असताना वेठबिगारीतून सोडवलेल्या मुलांसाठी विशेष शाळा चालवल्या होत्या. अशा मुलांना वयाप्रमाणे इयत्तेत बसवून भागत नाही, हे त्यांना तेथेच उमगले होते.

उत्तर शोधण्यासाठी त्यांनी सल्लागार संस्थेची निविदा काढली नाही. महापालिकेतील शिक्षकांना आंध्र प्रदेशातील मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅली येथे पाठवण्यात आले. जे. कृष्णमूर्ती यांच्या विचारांवर उभ्या असलेल्या या शाळेच्या ग्रामीण शिक्षण केंद्रात पद्मनाभ राव आणि रमा या दांपत्याने लहान खेड्यांतील बहुवर्ग शाळांसाठी कार्डांवर आधारित एक पद्धत विकसित केली होती. त्यामागे कर्नाटकातील कोलार जिल्ह्यात ‘नील बाग’ ही शाळा चालवणारे डेव्हिड हॉर्सबर्ग यांची प्रेरणा होती. शिक्षकांनी ती पाहिली, प्रश्न विचारले, आणि परतल्यावर तमिळ अभ्यासक्रमानुसार स्वतःची कार्डे तयार केली. सुरुवात १३ शाळांपासून झाली. त्यानंतर महापालिकेच्या सर्व २६४ प्राथमिक शाळांत ही ‘कृती-आधारित अध्ययन’ पद्धत पोहोचली.

या वर्गाचे रूप नेहमीच्या वर्गाहून पूर्णतः वेगळे होते. बाके हटवण्यात आली आणि मुले व शिक्षक दोघेही जमिनीवर बसू लागले. भिंतीच्या खालच्या भागात मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर फळे रंगवण्यात आले आणि प्रत्येक मुलाला त्यावर आपली जागा मिळाली. डोक्यावर ताणलेल्या तारांच्या मांडवावर मुलांची चित्रे टांगली जात. प्रत्येक विषय लहान लहान टप्प्यांत विभागून त्याची एक ‘शिडी’ भिंतीवर लावलेली असे. प्रत्येक टप्प्यासाठी चित्रखुणा असलेली कार्डे असत. मूल शिडीवर आपली पायरी शोधून त्या खुणेचे कार्ड मांडणीवरून स्वतः काढून घेत असे. काही कार्डे शिक्षकांच्या मदतीने, काही सवंगड्यांच्या मदतीने, तर काही एकट्याने सोडवायची असत, आणि त्यानुसार मुले वेगवेगळ्या गटांत बसत. टप्प्याच्या शेवटी चाचणीही कार्डातूनच होई, त्यामुळे परीक्षेचा दिवस म्हणून वेगळा उरला नाही. आठ दिवस तापाने घरी राहिलेले मूल परत आले, की जेथे थांबले होते त्याच पायरीपासून सुरुवात करी. गैरहजेरीची शिक्षा म्हणून अज्ञान पदरी पडण्याचा प्रकार अशा रीतीने टळला.

विस्तार झाला, पुढे काय?

विजयकुमार पुढे सर्व शिक्षा अभियानाचे राज्य प्रकल्प संचालक झाले आणि २००७-०८ पर्यंत ही पद्धत राज्यातील सुमारे ३७ हजार शासकीय व अनुदानित शाळांत लागू करण्यात आली. चेन्नईतील स्कूलस्केप या संस्थेच्या सहभागाने झालेल्या २००९ सालच्या मूल्यमापनात मुलांच्या संपादणुकीत सुधारणा आढळली. अनेक राज्यांची आणि परदेशांची पथके हे वर्ग पाहण्यासाठी आली.

मात्र संख्या वाढली तशी अडचणही वाढली. पहिल्या १३ शाळांतील शिक्षकांनी पद्धत पाहिली होती, घडवली होती. ३७ हजार शाळांतील बहुसंख्य शिक्षकांना ती परिपत्रकाने आणि अल्पकालीन प्रशिक्षणाने मिळाली. कार्डे तीच होती, पण ती का बनवली हे ठाऊक असलेला शिक्षक प्रत्येक शाळेत नव्हता. पाठ्यपुस्तक आणि गृहपाठ दिसत नाही म्हणून पालक साशंक होते, आणि शेजारची इंग्रजी माध्यमाची खासगी शाळा त्यांना खुणावत होती. पुढील दशकात या पद्धतीत बदल करून ती सोपी करण्यात आली, आणि २०२२ साली पहिली ते तिसरीसाठी ‘एण्णुम एळुत्तुम’ म्हणजे ‘अंक आणि अक्षर’ हा नवा कार्यक्रम आला. महाराष्ट्रातही सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील ज्ञानरचनावादी वर्ग पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षकांची रीघ लागली होती. २२ जून २०१५ रोजीच्या शासननिर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा राज्यव्यापी कार्यक्रम झाला, तेव्हा तेथेही हाच प्रश्न उभा राहिला. पाहून आलेला शिक्षक आणि आदेश मिळालेला शिक्षक यांच्या वर्गात फरक पडतोच.

सल्ल्याचा परिणाम मोजणे अशक्य आहे, असे मात्र नाही. कोरोनाच्या साथीनंतर तमिळनाडूने ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘इल्लम तेडी कल्वी’ म्हणजे ‘घर शोधत आलेले शिक्षण’ ही योजना सुरू केली. सुमारे दोन लाख स्वयंसेवक, त्यांत बहुतांश स्त्रिया, वस्तीतील मुलांना सायंकाळी तास-दीड तास शिकवू लागल्या. अर्थतज्ज्ञ अभिजीत सिंह, मॉरिसिओ रोमेरो आणि कार्तिक मुरलीधरन यांनी ग्रामीण तमिळनाडूतील सुमारे १९ हजार मुलांची पाहणी केली. २०१९ मधील त्याच वयाच्या मुलांच्या तुलनेत डिसेंबर २०२१ मध्ये मुले मागे पडली होती, आणि गणितातील तूट भाषेतील तुटीच्या दुपटीहून अधिक होती. शाळा उघडल्यानंतर सहा महिन्यांत यातील दोनतृतीयांश तूट भरून निघाली, आणि या भरपाईचा सुमारे २४ टक्के वाटा या योजनेचा होता. उरलेले श्रेय प्रामुख्याने शाळा सुरू होण्याचे. एखादा कार्यक्रम किती उपयोगी पडला, हे सांगण्याइतकेच किती उपयोगी पडला नाही, हे सांगणारा असा आकडा शिक्षणखात्याच्या हाती क्वचितच असतो.

मुरुगेशन समितीचा प्रवासही सरळ झाला नाही. तिचे समन्वयक जवाहर नेसन यांनी नोकरशाहीच्या हस्तक्षेपाचा आरोप करीत मे २०२३ मध्ये राजीनामा दिला. अहवाल १ जुलै २०२४ रोजी सादर झाला, आणि वर्षभराने जाहीर झाले ते केवळ शालेय शिक्षणापुरते धोरण. दरम्यान केंद्राच्या ‘पीएम श्री’ योजनेच्या करारावर राज्याने स्वाक्षरी केली नाही, त्यामुळे समग्र शिक्षा अभियानातील २०२४-२५ या वर्षाचे २,१५२ कोटी रुपये अडवण्यात आल्याची तक्रार तमिळनाडूने केली आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. शिक्षकांचे वेतन, प्रशिक्षण आणि शिक्षण हक्क कायद्याखालील प्रवेशांची प्रतिपूर्ती या बाबी याच निधीतून भागवल्या जातात.