खुले कारागृह आणि सुटकेची पूर्वतयारी

दीर्घ मुदतीच्या कारावासात बंद्याने कधी उठावे, काय खावे, कोणते काम करावे आणि कोणाला केव्हा भेटावे हे सर्व दुसरेच कोणी ठरवत असते. अशी दहा-बारा वर्षे गेल्यावर मात्र फाटक उघडल्या दिवसापासून घरभाडे, मजुरी, मुलांची शाळा आणि गावकऱ्यांच्या नजरा या साऱ्यांना त्याने स्वतःच्या बुद्धीने तोंड द्यावे, अशी समाजाची अपेक्षा असते. या दोन जगण्यांमधील दरी सुटकेपूर्वीच बुजवावी यासाठी अनेक देशांत संक्रमण केंद्रे उभी राहिली. भारतात हे काम प्रामुख्याने खुल्या कारागृहाने केले आहे. जेथे बंद्याला रोखण्यासाठी उंच भिंतीपेक्षा त्याच्या स्वयंशिस्तीवर भिस्त ठेवली जाते, ते खुले कारागृह.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींच्या कारकिर्दीत, १९३९ मध्ये, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही बंद्यांची वसाहत सुरू झाली आणि तिच्या उभारणीत मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांचा मोठा वाटा होता. माणदेशाच्या दुष्काळी जमिनीत शेती करत बंद्यांनी कुटुंबासह राहावे, अशी तिची रचना होती. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटामागची प्रेरणा हीच वसाहत, आणि त्याचे लेखन करणारे ग. दि. माडगूळकर याच माणदेशाचे.

या कल्पनेचे सर्वांत धीट रूप मात्र जयपूरजवळच्या सांगानेर येथे पाहावयास मिळते. राजस्थानचे तत्कालीन राज्यपाल डॉ. संपूर्णानंद यांच्या नावाने १९६३ मध्ये सुरू झालेल्या या शिबिरात जन्मठेपेचे बंदीही पत्नी-मुलांसह राहतात, शहरात जाऊन स्वतः काम शोधतात आणि मिळालेल्या मजुरीतून घरखर्च भागवतात. शासन त्यांना जेवण पुरवत नाही. ठरलेल्या परिघाबाहेर जायचे नाही आणि हजेरी चुकवायची नाही, ही बंधने असतात, तर वसाहतीचे दैनंदिन व्यवहार बंद्यांचीच पंचायत पाहते. ‘मी कैदी आहे’ असे सांगून नोकरी मागण्याचा अवघड प्रसंग येथे शिक्षा चालू असतानाच येतो, आणि नकार मिळाला तरी संध्याकाळी परतण्यासाठी घर असते. कोणत्याही प्रशिक्षणवर्गातून ही तयारी होणे कठीण आहे. या शिबिराची जागा कमी होण्याचा प्रश्न उभा राहिला तेव्हा, मे २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने खुल्या कारागृहांचे क्षेत्र घटवू नये असे बजावले, हे उचितच झाले.

महाराष्ट्रात येरवडा, पैठण, मोर्शी आदी ठिकाणच्या खुल्या कारागृहांत शेतीकामावर भर असून, शिक्षेचा काही भाग चांगल्या वर्तनाने भोगलेल्या बंद्यांची तेथे निवड होते. याखेरीज संचित रजा, म्हणजे शिक्षेचा ठरावीक काळ भोगल्यावर मिळणारी सुट्टी, आणि अभिवचन रजा, म्हणजे घरातील आजारपण वा मृत्यूसारख्या कारणाने परत येण्याच्या हमीवर मिळणारी मोकळीक, यांमुळे घराशी असलेला धागा तुटत नाही. या रजांना सवलत समजले जाते. वास्तविक त्या सुटकेच्या पूर्वतयारीचाच भाग मानल्या पाहिजेत.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या ‘नेल्सन मंडेला नियमां’नुसार सुटणाऱ्या व्यक्तीला ओळखीची कागदपत्रे, निवारा, काम, हवामानास साजेसे कपडे आणि मुक्कामी पोहोचण्याची सोय मिळावयास हवी. ही यादी क्षुल्लक वाटू शकते, परंतु ओळखपत्र नसेल तर बँकेत खाते उघडत नाही, भाड्याने खोली मिळत नाही आणि शिधापत्रिकेवर पुन्हा नाव चढवणेही अडते.

या सर्व व्यवस्थेची खरी उणीव तिच्या दारातच आहे. खुले कारागृह शिक्षाबंद्यांसाठी, म्हणजे दोष सिद्ध झालेल्यांसाठी असते, आणि त्यांतूनही सराईत गुन्हेगार किंवा पूर्वी पळून गेलेले बंदी वगळले जातात. ज्यांना आधाराची गरज अधिक, तेच बाहेर राहतात. शिवाय २०२२ च्या अखेरीस देशातील सुमारे ५ लाख ७३ हजार बंद्यांपैकी जवळपास ७६ टक्के न्यायाधीन, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले होते. त्यांना जामीन कधी मिळेल हे आधी ठाऊक नसल्याने, सुटकेची तारीख धरून आखलेली कोणतीही योजना त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा १९९० मध्ये मुंबईत सुरू झालेला ‘प्रयास’ हा प्रकल्प कारागृहात जाऊन न्यायाधीन बंद्यांसाठी काम करतो तो याचमुळे. अशी सामाजिक कार्यकर्त्यांची पदे प्रत्येक कारागृहात कायमस्वरूपी निर्माण करणे हे शासनाचे काम आहे.